बाटलीवरचा आकडा आधी, शेवाळ नंतर

प्रश्न: दादा, आमची दोन फुटी टाकी आहे, दीड वर्षं झाली लावून. गप्पी, सहा निऑन टेट्रा, चार कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि दहाबारा चेरी श्रिम्प आहेत. लाकडावर बांधलेल्या अनुबियासच्या पानांच्या कडांना आणि फिल्टरच्या तोंडाशी काळे केसाळ झुबके आलेत. घासून निघत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, गॅलनला दीड मिली, असं एकाने सांगितलं. मेडिकलमधून बाटली आणून ठेवलीय. किती टाकू? मासे मरणार नाहीत ना?

उत्तर:

ताई, बाटली उघडू नका अजून. आधी चष्मा लावून लेबल वाचा. बारीक अक्षरात कुठेतरी '२० व्हॉल्यूम' किंवा '६ टक्के' असं छापलेलं असेल. सगळा घोळ तिथेच होतो.

तुम्हाला गॅलनचं माप ज्याने दिलं, त्याने ते अमेरिकेतून उचललेलं आहे (तिकडचा गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर). तिथे औषधाच्या दुकानात मिळणारी तपकिरी बाटली ३ टक्क्यांची असते, त्यामुळे तिकडचे लोक नुसतं 'पेरॉक्साइड' म्हणतात तेव्हा ३ टक्के हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं, वेगळं सांगायची त्यांना गरजच वाटत नाही. आपल्या मेडिकलमध्ये सहसा मिळतं ते इंडियन फार्माकोपियाचं २० व्हॉल्यूमचं द्रावण, म्हणजे साधारण ६ टक्के. सरळ दुप्पट. व्हॉल्यूमचा अर्थ असा, की एक मिली द्रावणाचं पूर्ण विघटन झालं तर त्यातून २० मिली ऑक्सिजन वायू सुटतो. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६ आणि १०० व्हॉल्यूम म्हणजे ३० टक्क्यांच्या आसपास. हे शेवटचं घरात आणूच नका. कातडीला लागलं तर पांढरे चट्टे पडून आग होते, डोळ्यात उडालं तर विचारायलाच नको. केमिकलच्या दुकानातून 'स्वस्त पडतं' म्हणून पाच लिटरचा कॅन आणणारे लोक मी पाहिलेत. असली बचत नको.

आणि एक, पार्लरच्या सामानातलं '२० व्हॉल्यूम डेव्हलपर' वापरू नका. आकडा तोच दिसतो, पण ते केस रंगवायचं क्रीम आहे, त्यात तेलं आणि सुगंध असतात. हसू नका, एका घरी मी ती पांढरी बाटली टाकीशेजारी ठेवलेली बघितली आहे.

हे मी इतकं घोळवून सांगतोय कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. ठाण्यात लोकांच्या टाक्या सांभाळायचं काम सुरू करून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. माझ्याच घरच्या टाकीत, तुमच्याच मापाची होती, काळी दाढी, म्हणजे हेच काळ्या झुबक्यांचं शेवाळ, आलं. कुठेतरी वाचलं होतं की गॅलनला ३ मिलीपर्यंत चालतं. मी टाकीची लांबी, रुंदी, उंची गुणून ६५ लिटर काढले, त्या हिशोबाने रात्री दहा वाजता औषध ओतलं आणि झोपलो. मे महिना होता, पाणी ३२ अंशांवर, आणि खुळखुळ आवाजाने झोप लागत नाही म्हणून एअर पंप बंद. सकाळी कोरी चारही तळाशी उलट्या पडलेल्या आणि टेट्रा फिल्टरच्या पाण्याखाली दाटीवाटीने उभे. शेवाळ मात्र मेलं होतं, ते खरं.

मागाहून हिशोब मांडला. लिहिलेलं माप म्हणजे लिटरला २४ मिलिग्रॅम. बाटली दुप्पट तीव्र, ते झाले ४८. आणि टाकीत ६५ लिटर पाणी नव्हतंच, ४८ लिटर होतं. म्हणजे प्रत्यक्षात पडलं लिटरला ६५ मिलिग्रॅम. मापाच्या पावणेतीन पट.

तेव्हा आता तुमच्या टाकीत पाणी किती, ते मोजूया. टेप घ्या. दुकानदाराने सांगितलेले लिटर विसरा, कारण तो काचेच्या बाहेरून आणि काठापर्यंत मोजतो. समजा तुमची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच आहे. गुणाकार ६४,८०० घन सेंटिमीटर, म्हणजे ६५ लिटर झाले. पण पाणी काठापासून चार सेंटिमीटर खाली असतं आणि तळाला पाच सेंटिमीटर वाळू. उरली उंची २७. साठ गुणिले तीस गुणिले सत्तावीस, ४८,६०० म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लिटर. काचेची जाडी आणि लाकूड वजा केलंत तर आणखी थोडं कमी. ४८ धरा. शंका असेल तेव्हा नेहमी कमीच धरायचं.

माझं माप हे. ६ टक्क्यांच्या बाटलीतलं १ मिली, दर ५ लिटर पाण्याला. ते होतात लिटरला १२ मिलिग्रॅम, आणि तुम्हाला सांगितलेलं गॅलनला दीड मिली हे मापही ३ टक्क्यांच्या हिशोबाने तिथेच येतं. तुमच्या टाकीला ते साडेनऊ मिलीच्या आसपास बसतं. ही वरची मर्यादा आहे, सुरुवात नाही. तुमच्याकडे कोरी आहेत, ज्यांच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात, आणि श्रिम्प आहेत. म्हणून तुम्ही एका वेळी ४ ते ५ मिलीच्या वर जाऊ नका. एकदा टाकल्यावर पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही. पेरॉक्साइड पाण्यात राहून साठत नाही, काही तासांत ते पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपतं, पण माशांच्या कल्ल्यांना सावरायला वेळ लागतो.

कोणीतरी म्हणेल, 'अहो, मत्स्यबीज केंद्रात तर लिटरला १०० मिलिग्रॅम वापरतात.' वापरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली ३५ टक्क्यांच्या एका पेरॉक्साइडला माशांच्या अंड्यांवरची बुरशी आणि कल्ल्यांचे रोग यांसाठी मान्यता दिलेली आहे. पण तिथे ट्राउट-सामन जातीचे मासे असतात, थंड पाणी असतं, अर्धा ते एक तास घड्याळ लावून आंघोळ घालतात आणि मग ताजं पाणी सोडतात. तुमची टाकी तशी नाही. पाणी जितकं गरम तितका पेरॉक्साइडचा तडाखा जास्त, आणि गरम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुळातच कमी.

आता तुमच्या बाबतीत खरं सांगायचं तर पूर्ण टाकीत औषध ओतायची गरजच नाही. शेवाळ दोनच ठिकाणी आहे, अनुबियासवर आणि फिल्टरच्या तोंडाशी. दोन्ही वस्तू टाकीबाहेर येतात. मग माशांना यात कशाला गोवायचं?

एका टबमध्ये टाकीचंच पाणी घ्या. अनुबियाससकट लाकूड उचलून त्यात ठेवा आणि चांगलं हलवा. हे विसरू नका, कारण लाकडाच्या खाचांमध्ये श्रिम्प दडून बसलेल्या असतात आणि बाहेर काढल्यावर दिसतही नाहीत. तीनचार तरी निघतील, त्यांना परत टाकीत सोडा. मग लाकूड जुन्या टॉवेलवर ठेवा. एका वाटीत ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड आणि तितकंच साधं पाणी मिसळा, झालं ३ टक्के. हातात रबरी मोजे. सुई नसलेल्या सिरिंजने किंवा जुन्या रंगाच्या ब्रशने फक्त काळ्या झुबक्यांवर ते लावा. लगेच बारीक फेस धरेल, लहानपणी गुडघा फुटल्यावर आई लावायची तेव्हा यायचा तसाच. दोन मिनिटं थांबा, घड्याळ बघून. अनुबियासचं पान जाड आणि चिवट असतं, ते सहन करतं. मग नळाच्या पाण्याखाली धुऊन परत टाकीत. मुळं आणि कंद मधल्या वेळात सुकू देऊ नका, ओला कपडा टाकून ठेवा.

जी पानं कडेपासून मध्यापर्यंत काळी झालीत, ती वाचवत बसू नका. अनुबियास इतकं हळू वाढतं की जुन्या पानावर शेवाळाला जम बसवायला भरपूर सवड मिळते, आणि तसं पान नंतर कितीही स्वच्छ केलंत तरी पुन्हा तिथूनच सुरुवात होते. कंदाजवळून कात्रीने कापा. अर्धी पानं गेली तरी झाड मरत नाही.

फिल्टरचं तोंड आणि पाइप काढून त्याच ३ टक्क्यांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि बाटली धुवायच्या ब्रशने घासा. मात्र फिल्टरमधला स्पंज या पाण्यात बुडवायचा नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजमध्ये राहतात. तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात पिळायचा, नळाखालीसुद्धा नाही.

एवढं करूनही वाळूजवळच्या दगडावर वगैरे काही झुबके उरले, तर टाकीच्या आत सिरिंजने द्या. फिल्टर आणि एअर पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, आणि सिरिंजचं तोंड शेवाळाला जवळजवळ टेकवून हळूहळू दाबा. सगळे झुबके मिळून बाटलीतलं ४ ते ५ मिली, त्यापुढे नाही. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू, एअर स्टोन (एअर पंपाचे बुडबुडे सोडणारा दगड) सुरू, आणि तो दिवसभर चालू ठेवा. हे काम सकाळी करा. रविवारी सकाळी, घरी कोणीतरी दोन-चार तास असेल तेव्हा. माझ्यासारखं रात्री दहाला नाही.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, कोरी सारख्या पृष्ठभागाकडे धावू लागल्या किंवा श्रिम्प वेड्यासारख्या पोहू लागल्या, तर विचार करत बसू नका. अर्धं पाणी काढून त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी भरा, हवा वाढवा. लोकांना इथे एक कोडं पडतं. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजनच निघतो ना, मग मासे गुदमरतात कसे? पाण्यात ऑक्सिजन असला तरी तो घ्यायला कल्ले धड हवेत, आणि जास्त पेरॉक्साइड कल्ल्यांचा नाजूक पापुद्राच भाजतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, म्हणून दुसऱ्या दिवशीही एअर स्टोन बंद करायचा नाही.

औषध लागू पडलं हे कसं कळेल? पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळे झुबके गुलाबी-जांभळट होतात, कोकम सरबतासारखे. ही काळी दाढी दिसायला काळी असली तरी कुळाने लाल शेवाळ आहे. जिवंतपणी तिचा लाल रंग बाकीच्या रंगद्रव्यांखाली झाकलेला असतो, मरताना तो उघडा पडतो. आठवड्याभरात ती राखाडी-पांढरी होते आणि मग गोगलगाई, श्रिम्प, मोली तिला आवडीने खातात. जिवंत असताना यातलं कोणी तिला तोंड लावत नाही, ते काम सायामीज अल्गी ईटर करतो, पण दुकानात त्या नावाने भलताच मासा गळ्यात मारतात. खऱ्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो. तुमच्या दोन फुटी टाकीत तो घेऊही नका, पाच-सहा इंच वाढतो.

तिसऱ्या दिवशी रंग बदललेलाच नसेल तर बाटली जुनी असू शकते. कापलेल्या बटाट्यावर चार थेंब टाकून बघा. बटाट्यात पेरॉक्साइड फोडणारं विकर असतं, त्यामुळे चांगला फेस यायला हवा. फेस आला म्हणजे जीव आहे, किती टक्के उरलं ते मात्र यातून कळत नाही.

काही वनस्पतींना हे औषध मानवत नाही. जावा मॉस, रिचिया, व्हॅलिसनेरिया यांच्यावर ते थेट पडू देऊ नका. मॉस पिवळं पडतं आणि व्हॅलिसनेरियाची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन वितळतात. आणि टाकीत पोटॅशियम परमँगनेटचं, ते लाल पाण्याचं, औषध चालू असेल तर हे घालू नका. दोन्ही एकमेकांना मारतात, माशाला उपयोग शून्य. तीव्र द्रावणं एकत्र आली तर उकळी फुटल्यासारखी उसळतात, त्यामुळे कपाटातही शेजारी ठेवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. प्रत्येक शेवाळाला पेरॉक्साइड नसतं. नव्या टाकीत काचेवर तपकिरी भुकटी येते ती काही आठवड्यांत आपोआप जाते, पुसत राहा. काचेवरचे हिरवे कडक ठिपके ब्लेडने खरवडा. पाणीच हिरवं झालं असेल तर इतक्या कमी मापाने फरक पडत नाही. त्याला यूव्ही दिवा, किंवा टाकी तीन-चार दिवस चादरीने पूर्ण झाकून ठेवा. उलट निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा आला आणि त्याला कुबट वास असेल, तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत, आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड सगळ्यात चांगलं चालतं. नेदरलँड्समध्ये कूट्सहाउस नावाच्या तलावात जुलै २००९ मध्ये लिटरला फक्त २ मिलिग्रॅम इतकं पेरॉक्साइड मिसळलं. काही दिवसांत सायनोबॅक्टेरिया जवळजवळ नाहीसे झाले आणि खऱ्या शेवाळाला, पाण्यातल्या किड्यांना फारसं काही झालं नाही. दोन मिलिग्रॅम! आपण बारावर बोलतोय. मात्र टाकीत आधी तो पापुद्रा पाइपने ओढून काढायचा, मग औषध. मेल्यावर त्यातलं विष पाण्यातच सुटतं.

आता तुमच्या टाकीत ही दाढी आली कुठून? दीड वर्षं जुनी टाकी, शेवाळ फिल्टरच्या तोंडाशी, हे वाचल्यावर माझा पहिला संशय फिल्टरवर. स्पंज शेवटचा कधी पिळलात? बहुतेक घरांत उत्तर येतं, 'पाणी येतंय की व्यवस्थित.' येतं, पण निम्म्याने येतं आणि स्पंजात साठलेला गाळ रोज थोडा थोडा टाकीत विरघळत राहतो. काळी दाढी त्यावरच पोसते. फिल्टरचं पाणी बादलीत धरून बघा. खोक्यावर ताशी किती लिटर लिहिलंय आणि पाच लिटरची बादली किती सेकंदांत भरते, हिशोब लगेच कळेल. ताशी ३०० लिटरचा फिल्टर पाच लिटरला एक मिनिट घेतो. दोन मिनिटं लागली तर समजा.

दुसरी गोष्ट दिव्याची. किती तास चालतो? सकाळी उठल्यावर लावायचा आणि झोपताना बंद करायचा ही आपल्याकडची पद्धत, म्हणजे चौदा-पंधरा तास. अनुबियास ही सावलीतली वनस्पती, तिला सहा-सात तास खूप झाले. साधा प्लगचा टायमर लावा आणि संध्याकाळी पाच ते अकरा ठेवा, तेव्हाच तर तुम्ही टाकीसमोर बसता. खिडकीचं ऊन पडत असेल तर पडदा. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. मुलं आणि आजोबा वेगवेगळे घालतात का तेही बघा, तीन घरांपैकी एका घरी हाच गुन्हेगार निघतो.

आणि दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदल. तुमच्या टाकीला पंधरा लिटर, एक बादली. महिन्यातून एकदा अर्धी टाकी रिकामी करण्यापेक्षा हे बरं, कारण काळ्या दाढीला पाण्यातले असले धक्के फार मानवतात. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की मला शेवाळाचे फोन वाढतात, तेव्हा त्या दिवसांत एका वेळी पाण्याचा बदल आणखी थोडा कमी करा.

आधी पंधरा दिवस फिल्टर, दिवा आणि खाणं जागेवर आणा, पानं कापा, मग लाकूड बाहेर काढून पेरॉक्साइड लावा. उलट क्रमाने केलंत तर दीड महिन्यात पुन्हा तेच झुबके दिसतील. उरलेली बाटली मूळ झाकणासकट अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात '६ टक्के' आणि उघडल्याची तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वेळी चष्मा शोधायला नको.